फुफीचे डोळे आणि पन्नासची लेन्स

फुफीचा डोळे उघडे असलेला एकही फोटो आमच्या घरात नव्हता. राहात्याच्या चाचांच्या लग्नाचा अल्बम उघडा, नवरीशेजारी फुफी उभी आहे, डोळे मिटून. मी तान्ही असताना अम्मीच्या मांडीवर काढलेला फोटो बघा, मागं खुर्चीची पाठ धरून फुफी, डोळे मिटून. मतदानाच्या ओळखपत्रावरसुद्धा डोळे मिटलेलेच. केंद्रावरचा माणूस ते कार्ड बघून हसला म्हणून एका निवडणुकीला ती मत न देताच घरी परत आली होती आणि दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. फ्लॅश उडायच्या आधीच तिच्या पापण्या खाली यायच्या. फोटोवाला म्हणायचा, "मावशी, डोळे उघडे ठेवा," की ती ते इतके फाडून उघडायची की पुढच्या क्षणी आणखी घट्ट मिटले जायचे. आमच्या घरात कुणाला बसल्या बसल्या डुलकी लागली की 'याचा फोटो काढला वाटतं' असं म्हणायची पद्धतच पडली होती. फुफीसमोर मात्र तसं बोलायची कुणाची टाप नव्हती.

फुफी म्हणजे माझ्या अब्बांची थोरली बहीण. त्यांची आई गेली तेव्हा अब्बा रांगत होते. फुफीनंच त्यांना वाढवलं. पुढं तिचं लग्न झालं, पण नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला भावाकडं कायमची परत आली. परत आली म्हणण्यापेक्षा तिनं घराचा ताबा घेतला म्हणणं जास्त खरं. भाजी कुठली, पाहुण्यांना चहा की सरबत, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, हे सगळं तीच ठरवायची. अब्बा आयुष्यात कधी तिच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. बाहेर गिऱ्हाइकाशी तावातावानं बोलणारा माझा बाप घरात मात्र "आपा म्हनंल तसं" एवढंच बोलायचा. मी तिला घाबरायची आणि माझं तिच्यावर फार प्रेमही होतं. आमच्या घरात या दोन गोष्टी एकत्रच नांदायच्या.

आमचा धंदा गाद्यांचा. पुढं दुकान, मागं घर आणि दोन्हींच्या मधे कापूस पिंजायचं यंत्र. सकाळी अब्बांनी यंत्राचा खटका दाबला की फडताळातली ताटं थरथरायला लागायची आणि आम्ही सगळे ओरडून बोलायला लागायचो. त्यामुळं आमच्या घरची माणसं कुठंही गेली तरी ओरडूनच बोलतात. माझी मुलं अजून मला फोनवर हळू बोलायला सांगतात. यंत्र थांबलं की काठीचा आवाज सुरू व्हायचा, धप् धप्. भरलेली गादी अब्बा काठीनं झोडून सारखी करायचे आणि मग लांब सुईनं टाके घालायचे. भिंतीवर आजोबांची पिंजायची धनुकली टांगलेली होती. ईदच्या आदल्या दिवशी अब्बा ती उतरवून पुसायचे, तिची तात एकदाच बोटानं छेडायचे आणि परत टांगून ठेवायचे. कापूस मात्र कुठल्याच दिवशी घर सोडत नसे. अम्मी भाकरीच्या टोपलीवर ओलं फडकं टाकायची, तरी बाजरीच्या भाकरीत एखादा तंतू निघायचाच. डाळ-मटणाच्या दालच्यात निघायचा, चहात तरंगायचा. फुफी तो चिमटीनं काढून टाकायची आणि म्हणायची, "खा गुमान, आपलाच हाय." आता माझ्या घरी फोमच्या गाद्या आहेत. त्यांतून काही उडत नाही आणि त्यांवर मला झोपही धड लागत नाही.

कॉलेजला मी श्रीरामपूरला जात होते. एसटी स्टँडच्या जवळ जोसेफकाकांचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचा फोटो काढायला म्हणून गेले आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर माझाच चेहरा मोठा मोठा होत जाताना बघून तिथंच चिकटले. तास संपला की स्टुडिओत जाऊन बसायचं, गिऱ्हाइकाची कॉलर सारखी करायची, पडदा ओढायचा, लहान मुलांना खुळखुळा दाखवायचा, असं करत करत मी शिकले. पुढं काकांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला. त्या बदल्यात अब्बांनी त्यांच्या स्टुडिओतल्या बाकावरच्या गाद्या आणि घरचे लोड नव्या कापसानं भरून दिले. घरी आले तेव्हा गळ्यात कॅमेरा होता आणि पाय जमिनीवर नव्हते. फुफीनं एकदा माझ्याकडं आणि एकदा त्या काळ्या डब्याकडं बघितलं आणि आत जाऊन धाडकन दार लावलं.

कॉलेज संपलं. एके सकाळी चहाला बसलो असताना फुफीनं खारी बुडवता बुडवता विषय काढला.

"शमीम, शिकून झालं. आता मशीनवर बसायचं. गाद्यांच्या खोळी बाहेरून शिवून आनतो आपन, त्या घरात शिवायच्या."

"मला फोटोचं काम करायचंय, फुफी."

"फोटोचं? पोरीनं गळ्यात डबं अडकवून गावोगाव हिंडायचं? लोकांच्या लग्नात? रशीद, ऐकतोस का?"

अब्बांनी बशीतला चहा फुंकायला सुरुवात केली. चहा केव्हाच गार झाला होता. मी अम्मीकडं बघितलं. माझी अम्मी नणंदेसमोर कधी फारसं बोलायची नाही, त्या दिवशी मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "आपा, राग मानू नका, पर बायकांच्यात फोटो काढाया बाईच लागती ना? आता आपल्या नसरीनची मेहंदी हाय राहात्याला. बायकांच्या खोलीत फोटोवाला बाप्या येनार हाय का? आपल्यातल्या एका तरी पोरीच्या मेहंदीचा फोटो हाय का कुनाकडं?"

नव्हताच. आमच्याकडं मेहंदीच्या कार्यक्रमाला आतल्या खोलीत बाहेरचा पुरुष येत नाही. फोटोवाला मांडवात बसून पुरुषांचे आणि बिर्याणीच्या डेगांचे फोटो काढतो, आणि ज्या दिवशी बायका खरोखर नटतात, गातात, हसतात, त्या दिवसाचं काहीच मागं राहत नाही. फुफीला हे पटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं, आणि पटलं म्हणूनच ती जास्त चिडली.

"बरं," ती म्हणाली. "नसरीनच्या मेहंदीचे फोटो तूच काढ. पर त्यात माझा एक फोटो पायजे. डोळे उघडे असलेला. आला, तर मी पुन्हा खोळींचं नाव काढनार न्हाई. न्हाई आला, तर ते डबं पेटीत आन् तू मशीनवर. मंजूर?"

अब्बा काही बोलायच्या आत मी म्हणून टाकलं, "मंजूर." अम्मीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ज्या बाईचे उघडे डोळे आयुष्यभरात एकाही फोटोवाल्याला टिपता आले नव्हते, तिच्यावर मी माझं सगळं पणाला लावलं होतं. वयच तसं होतं.

जोसेफकाकांकडं गेले आणि सगळं सांगितलं. काका हसले, मग गंभीर झाले. "फ्लॅश वापरलास तर गेलीस," ते म्हणाले. "आणि फ्लॅशशिवाय आतल्या खोलीत ही लेन्स काही कामाची नाही." ही म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी झूम लेन्स. तिचं तोंड बारीक, उजेड आत कमी येणार, मग कॅमेरा आतला शटरचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवणार आणि तोवर माणूस हललेलं असणार. मला नवी लेन्स हवी होती, आणि रजयांना टाके घालून मी जे साठवलं होतं त्यात एकच बसणार होती. काकांचं मत लांब झूमकडं होतं. "अगं, लांबचं माणूस जवळ येतं. आणि लग्नात लेन्स लांब दिसली ना, की लोक आपोआप बाजूला होतात. मान मिळतो." दुसरी होती ती पन्नास मिलिमीटरची फिक्स लेन्स. झूम नाही, काही नाही. जवळचं हवं तर आपणच पुढं जायचं, लांबचं हवं तर आपणच मागं सरायचं. अंग प्लॅस्टिकचं, वजन एखाद्या कांद्याएवढं. पण तिचं भोक मोठं उघडायचं, एक पॉइंट आठपर्यंत. हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि उजेड जास्त. तिच्याच घराण्यातली पस्तीसची होती. ती खोलीतला जास्त भाग घ्यायची, पण ती माझ्या ऐपतीच्या बाहेर होती, तरी मनातून जात नव्हती.

मग मी एक युक्ती केली, आणि ती अजूनही मी शिकवायला येणाऱ्या पोरापोरींना सांगते. जुनी झूम लेन्स पस्तीसवर फिरवली आणि अब्बांचा गादीचा मेणलेला दोरा तिच्या कड्याला घट्ट गुंडाळून गाठ मारली, म्हणजे ती फिरूच नये. काही दिवस घरात, गल्लीत, बाजारात तेवढ्याच नजरेनं फोटो काढले. मग दोरा सोडून पन्नासवर बांधली. पस्तीसवर अम्मीबरोबर चूल यायची, टोपली यायची, मागची पेटी, पेटीवरच्या उशा, सगळंच यायचं. पन्नासवर पाठ भिंतीला टेकवून उभं राहावं लागायचं, आणि तरी अम्मी गुडघ्यापर्यंतच यायची. पण ती अम्मी असायची. तिच्या कपाळावरचं पीठ दिसायचं, बांगड्यांमधून घातलेली सेफ्टी पिन दिसायची. मी ते फोटो परत परत बघितले आणि मला कळलं की मला पेटी आणि उशा नकोच आहेत. मेहंदी म्हणजे हात आणि चेहरे. पस्तीस मनातून गेली ती गेलीच.

अब्बांना विचारलं तर त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. यंत्र बंद करून, अंगावरचा कापूस झटकत म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाई. पर ह्या घरात त्याचं तोंड सारखं उघडू नको. एक लावली ती लावली. हिथं लेन्स बदलत बसशील तर आत गादी भरंल."

लेन्स आली. मी ती कॅमेऱ्याला लावली आणि नाक वर करून सगळ्यांना दाखवली. फुफीनं हातात घेऊन उलटीसुलटी केली. "एवढीच? ही तर सुरमादानी झाली. मला वाटलं तोफ आनतीस." त्या दिवसापासून माझ्या लेन्सचं घरातलं नाव सुरमादानी, म्हणजे सुरम्याची डबी, असं पडलं.

पहिली चाचणी अर्थात फुफीवरच. दुपारची वेळ, दुकानाच्या दारातून येणारा उजेड. पुढं अम्मी गादीला टाके घालत बसलेली, तिच्या मागं हातभर अंतरावर फुफी सुपारी कातरत. एक पॉइंट आठवर लेन्स पूर्ण उघडली आणि टिपलं. फ्लॅश नाही, चमक नाही, फुफीला कळलंसुद्धा नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर फोटो बघितला आणि आनंदानं मी ओरडलेच. पैज जिंकली असं धरूनच श्रीरामपूरला गेले, फोटो छापून आणला आणि पाकिटासकट फुफीच्या हातात दिला.

फुफीनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. अम्मी फोटोत झकास आली होती, सुईतला दोरासुद्धा मोजून घ्यावा इतका स्वच्छ. मागं फुफीच्या जागी एक पांढरा ओढणीचा ढग होता आणि त्यात दोन करडे डाग होते.

"ही कोन?"

"तू, फुफी."

"मी?" यंत्र बंद होतं, तरी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज लागला. "आजवर फोटोवाल्यांनी मला झोपवलं. तू तर पुसूनच टाकलं! आन् भावजय बघा कशी चकचकीत! थोरली नणंद धूर आन् धाकटी भावजय राणी?"

अम्मी खोळीत तोंड घालून हसत होती, त्यामुळं प्रकरण आणखी चिघळलं. अब्बा एक टाका घालायला म्हणून उठले ते बाहेरच निघून गेले. मला रडायला येत होतं. चूक माझ्या लक्षात आली होती: भोक जितकं मोठं उघडावं, तितकी स्पष्ट दिसणारी जागा पातळ होते, कागदासारखी. त्या कागदावर जो असेल तो दिसतो, पुढचा आणि मागचा पुसला जातो. आणि छोट्या पडद्यावर सगळंच छान दिसतं. जोसेफकाकांनी हे मला सांगितलं होतंच, पण लेन्स हातात आल्यावर मी कुणाचं ऐकतेय!

फुफीनं फोटो परत पाकिटात घातला. "अट तीच हाय," ती म्हणाली. "फकस्त डोळे उघडे न्हाई, तोंड बी दिसाया पायजे. आन् त्या डब्याच्या काचेत मी बघनार न्हाई. कागदावर बघीन."

नसरीन माझी चुलत बहीण, राहात्याच्या चाचांची, म्हणजे अब्बांच्या चुलत भावाची मुलगी. मेहंदीच्या दिवशी आम्ही सकाळच्याच एसटीनं राहात्याला पोचलो. मांडवात बोकडाच्या मटणाच्या दालच्याचा वास सुटला होता आणि एका खुर्चीवर शहरातून बोलावलेला फोटोग्राफर बसला होता. त्याच्याजवळ खरोखरच हातभर लांब लेन्स होती आणि लोक खरोखरच त्याला वाट देत होते. त्यानं माझ्या सुरमादानीकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली, माझी दया आल्यासारखी. मी चादरीचा पडदा बाजूला करून आत गेले. तो बाहेरच बसला.

आत काय होतं ते मी आजही डोळे मिटून सांगू शकते. एक जाळीची खिडकी, तिच्यातून येणारा दुपारचा उजेड, मेहंदीचा आणि अत्तराचा वास, ढोलकीवर थाप, आणि माझ्या सगळ्या चाच्या, खाला, बहिणी, ज्यांना मी जन्मभर ओढणीच्या काठाआडच बघितलं होतं, त्या केस मोकळे सोडून एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मला बघून एकीनं विचारलं, "फोटोवाली तू? लेन्स कुठाय?" आणि हशा पिकला. मी सरळ जमिनीवर बसले आणि कामाला लागले. नसरीनचे हात, बोटांच्या टोकांपर्यंत भरलेले. मेहंदी वाळत असल्यानं तिला नाक खाजवता येईना, म्हणून तिची आई तिचं नाक खाजवतेय. तिच्या तोंडात मलिद्याचा घास घालणारा एक म्हातारा हात. सुरमादानी उजेड असा पीत होती की मला विश्वास बसेना. कुणाच्या तोंडावर चमक उडत नव्हती, म्हणून कुणी तोंडही सावरत नव्हतं. थोड्या वेळानं मी तिथं आहे हेच त्या विसरल्या.

फुफी मात्र विसरली नव्हती. मी तिच्याकडं वळले की तिचे खांदे ताठ व्हायचे, ओठ आवळले जायचे आणि पापण्या फडफडायला लागायच्या. मी लाख प्रयत्न केले, खिडकीकडून गेले, दाराआडून गेले. ती दर वेळी मला हेरायची. खिडकीतला उजेड उतरायला लागला.

त्यात चाची म्हणाली, "आता सगळ्यांचा मिळून एक फोटो. पायापासून. पायाची मेहंदी बी दिसाया पायजे." इथंच पन्नासची लेन्स अडते. त्या खोलीत मी भिंत फोडून मागं गेले असते तरी एवढ्या बायका तीत मावल्या नसत्या. मी सगळ्यांना मागच्या परसात काढलं. चारी बाजूंनी उंच भिंत, त्यामुळं परक्याची नजर पडायची भीती नव्हती. मी मागं सरत सरत पार टोकाला गेले, जिथं चाचांच्या शेळ्या बांधल्या होत्या. तिथून सगळ्या आल्या. पण त्या उभ्या राहिल्या होत्या घोळक्यानं, कुणी पुढं, कुणी मागं, कुणी बाजूला. उजेड इतका उतरला होता की लेन्स जवळजवळ पूर्ण उघडावी लागणार होती. म्हणजे पुन्हा तेच: एक राणी आणि बाकीचा धूर.

"सगळ्यांनी एका रेघेत या!" मी ओरडले. कुणी ऐकेना. ही म्हणे तिच्या शेजारी नको, ती म्हणे माझं पोट दिसतंय. मी रडकुंडीला येऊन फुफीकडं बघितलं. "फुफी, सगळ्यांचे चेहरे एका सरळ रेघेत आले तरच सगळ्या स्वच्छ येतील. एक जरी मागं राहिली तर पुसली जाईल."

पुसली जाईल हा शब्द फुफीला बरोबर लागला. ती घोळक्यातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवले आणि एकच आरोळी ठोकली, "सफ करा गं!"

सफ म्हणजे नमाजाची रांग. खांद्याला खांदा, टाचेला टाच, मधे फट नाही, एक बोट पुढं नाही की मागं नाही. आमच्यात पोरीबाळींना हे शिकवावं लागत नाही. बघून बघूनच अंगात भिनतं. क्षणभर सगळ्या एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग खिदळत खिदळत सुतासारख्या सरळ उभ्या राहिल्या. फुफीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत एकीचा खांदा मागं ढकलला, एकीचं कोपर पुढं ओढलं, चाचीला म्हणाली, "पोट घरी ठेवून याया पायजे हुतं." मग ती स्वतः नसरीनच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिथं पोचताच पुन्हा ताठली. ओठ आवळले. पापण्या फडफडल्या.

मी डोळा कॅमेऱ्याला लावला. तेवढ्यात मागून माझी ओढणी कुणीतरी ओढली. शेळी! तिनं ओढणीचं टोक तोंडात घेतलं होतं आणि सावकाश, चवीनं आत घेत चालली होती. मी हलले असते तर नेम गेला असता. मी हललेच नाही. मान मागं खेचली जातेय, गळ्याला फास बसतोय, आणि मी कॅमेरा तसाच धरून उभी. आधी नसरीनला दिसलं. मग ते फुफीला दिसलं.

फुफी हसली. मी तिला तशी हसताना कधी बघितलं नव्हतं. खळखळून, दात दाखवून, माझ्याकडं टक लावून. मी बटण दाबलं. परत दाबलं. ओढणी शेळीच्या पोटात गेली तर जाऊ दे म्हटलं आणि आणखी एकदा दाबलं.

"काढ की आता," फुफी डोळे पुसत म्हणाली.

"काढला."

"कधी? चमकलं तर न्हाई!"

छोट्या पडद्यावर तर सगळं छानच दिसत होतं, पण त्यानं मला एकदा फसवलं होतं. लग्नाला परत यायचंच होतं. परतीच्या एसटीत मी कॅमेरा मांडीवर धरून बसले आणि अल्लाला एवढंच म्हणत राहिले की धूर नको.

सकाळी जोसेफकाकांनी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. माऊसचा बाण नसरीनवर नेला, स्वच्छ. चाचीवर नेला, स्वच्छ. मग फुफीच्या चेहऱ्यावर नेला आणि मोठा करत गेले, करत गेले. पापण्यांचा एकेक केस वेगळा दिसायला लागला. बुबुळात परसातली भिंत होती, वर आभाळ होतं, आणि मधे कॅमेरा धरून उभी असलेली एक बारीकशी मुलगी होती. काका खुर्चीत मागं टेकले.

"मी तुला लांब झूम घे म्हणालो होतो, नाही का?"

"हो."

"बरं झालं ऐकलं नाहीस." त्यांनी मोठा कागद घेतला आणि फुफीचा चेहरा त्यावर वेगळा छापून दिला. दुसऱ्या कागदावर सगळी रांग. आज सांगते, त्यानंतर मी पुष्कळ महागाच्या लेन्स वापरल्या, मान मिळवून देणाऱ्याही वापरल्या, पण स्टुडिओतून बाहेर पडून एसटी स्टँडपर्यंत मी त्या दिवशी जशी चालले तशी परत कधी चालले नाही. रस्ता माझ्या बापाचा असल्यासारखी चालले.

घरी यंत्र चालू होतं. फुफी दुकानाच्या उंबऱ्यावर बसली होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला आणि कागद उजेडाकडं धरला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते आणि मला काहीच समजत नव्हतं. ती हसली नाही. ओरडली नाही. मग यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून तिनं हाक मारली, "रशीद! यंत्र बंद कर. हिकडं ये."

अब्बा कापूस झटकत आले.

"बघ," फुफी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "अम्मा अशी हसायची. सेम अशी. मला ठावंच नव्हतं मी तशी हसते. आरशात कोन हसतं का रं?"

आजीचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. अब्बांना तिचा चेहरा आठवत नव्हता. आठवायचं त्यांचं वयच नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, तिथंच पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर बसले आणि बघत राहिले. बराच वेळ यंत्र बंद होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. जिंकल्याचं रडू फार गोड असतं, ते त्या दिवशी कळलं.

फुफीनं नाक शिंकरलं, ओढणी सारखी केली आणि मूळ पदावर आली. "रशीद, खोळींचं काम पैल्यासारखं बाहेरच दे. पोरीला वेळ न्हाई. नसरीनच्या सासरकडच्या बायकांनी इचारलंय, त्यांच्या पोरीच्या मेहंदीला कोन येनार म्हनून. मी हिचं नाव सांगून बसलीय."

"कधी?" मी विचारलं.

"काल. मांडवातच."

म्हणजे फोटो बघायच्या आधीच. मी तिच्या गळ्यात पडले. तिनं मला ढकललं आणि अब्बांना खिळा ठोकायला सांगितलं. घरात आम्ही नमाज पढतो, म्हणून तिथं फोटो लावत नसू. फुफीनं तो पुढं दुकानात, आजोबांच्या धनुकलीशेजारी लावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, अशोकनगरकडचा एक शेतकरी, मुलीच्या लग्नासाठी दुहेरी गादी बघायला. त्यानं कापूस हातात घेऊन दाबला, अब्बांना भाव विचारला. उंबऱ्यावर बसलेल्या फुफीनं गादी झोडायची काठी जमिनीवर आपटली.

"गादी कुठं पळून जात न्हाई," ती म्हणाली. "आधी वर बघा. डोळे बघा."